डिश म्हणजे ताटली नव्हे!

प्रश्न : माझी मुलगी ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात शिकते. तिनं तिथल्या बेसबॉल स्टेडियमचा फोटो पाठवला. पाटीवर ‘यूएफसीयू डिश-फॉक फील्ड’ असं लिहिलंय. ही डिश कसली? हे कुणी देणगीदार का? – एक वाचक

उत्तर : पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, स्टेडियमच्या आत खानावळ असेल! पण डिश आणि फॉक ही माणसांची आडनावं आहेत. दोघेही याच विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक, आणि नात्याने गुरू-शिष्य.

बिली डिश १९११ ते १९३९ संघ सांभाळत होते. त्यांच्या हाताखाली खेळलेला बिब फॉक १९२० मध्ये थेट शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक संघात गेला. तिथे मॅच-फिक्सिंगचं प्रकरण उघडकीला आलं होतं, नामांकित खेळाडू ‘शूलेस’ जो जॅक्सन निलंबित झाला आणि त्याची लेफ्ट फील्डची, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला क्षेत्ररक्षणाची, जागा या पोराच्या वाट्याला आली. ते ओझं काय असेल, विचार करा. गड्यानं ते पेललं. कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .३१४, म्हणजे उत्तमच. बाकावर बसून प्रतिस्पर्ध्यांना डिवचण्यातही पटाईत, अशा माणसाला बेसबॉलमध्ये ‘बेंच जॉकी’ म्हणतात, म्हणून टोपणनाव ‘जॉकी’. १९४० मध्ये गुरूच्या जागी तो प्रशिक्षक झाला. मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर १९६७ पर्यंत त्याच जागेवर होता.

या दोघांचं खरं मैदान मात्र वेगळंच, क्लार्क फील्ड. तिथे सेंटर फील्डमध्ये, म्हणजे फलंदाजासमोरच्या पार टोकाला, चक्क चुनखडीचा कडा होता! कड्यावर गेलेला चेंडूही खेळातच धरत. मग क्षेत्ररक्षक शेळीसारखा पायवाटेनं वर चढणार आणि तोवर फलंदाज आरामात सगळे बेस फिरून येणार. कड्याला नावही ‘बिली गोट हिल’. असं मैदान पाडणाऱ्यांवर माझा अजून राग आहे. तिथे पुढे संगीत-नाट्याची इमारत झाली, आणि १९७५ मध्ये महामार्गापलीकडे सध्याचं स्टेडियम उघडलं. डिश १९५३ मध्येच गेले होते. फॉकना मात्र आपलं नाव पाटीवर पाहायला मिळालं, कारण ते १९८९ पर्यंत हयात होते.

राहिलं यूएफसीयू. ती एक पतपेढी. २००६ पासून पैसे मोजून तिचं नाव पुढे लागलंय. यापलीकडे त्यात काही नाही.

तुमची मुलगीही बहुधा मैदानाला नुसतं ‘द डिश’च म्हणत असेल, तिथे सगळेच म्हणतात. पतपेढीचं नाव गळलं त्याचं मला दुःख नाही. पण कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे महाविद्यालयीन बेसबॉलची अजिंक्यपद स्पर्धा, सुरू झाली १९४७ मध्ये, ती १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोनदा जिंकून आणली फॉकनी, आणि बोलण्यातून गळले तेच. पुढच्या सामन्याला जाताना तिला म्हणावं, एकदा तरी पूर्ण नाव घे.