फोर-के टीव्हीवर पॉवरपॉइंटच्या स्लाइड अडखळत का बदलतात?

लॅपटॉपच्या पडद्यावर अलगद होणारा फेड (एक स्लाइड विरत दुसरी उमटण्याचा बदल) फोर-के टीव्ही जोडल्यावर धक्के खात होतो आणि फाइल तर अवघी काही एमबींची आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते येथे फाइलचा आकार पाहणे व्यर्थ आहे. पाहायचे ते एवढेच, की प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, संगणकाला किती पिक्सेल (ठिपके) रंगवावे लागतात.

फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर ३८४० × २१६० च्या पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि फेडमध्ये तेवढ्या वेळात दोन पूर्ण स्लाइडचे रंग एकमेकांत मिसळावे लागतात. प्रोसेसरमधीलच ग्राफिक्सवर चालणाऱ्या साध्या लॅपटॉपला हे अनेकदा झेपत नाही.

मात्र आधी टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येते ते, तपासावे. लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचे असेल, तर त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. मग संगणक कितीही वेगवान असला तरी हालचाल तुटकच दिसणार. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ दिसत असेल, तर दोष बहुधा येथेच आहे.

या दोन्ही अडचणींवर मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय म्हणजे विंडोजमध्येच टीव्हीचे रिझोल्यूशन १९२० × १०८० आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवणे. फोर-केसाठी खर्च केल्यानंतर हे करणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. परंतु सभागृहात काही मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला मोठ्या अक्षरांच्या स्लाइडमध्ये हा फरक सहसा जाणवत नाही, अडखळणे मात्र लगेच जाणवते. बारीक नकाशे किंवा छायाचित्रे हाच आपला विषय असेल, तर अर्थातच फोर-के सोडू नये.

तसे असल्यास अडखळणे नेमके कोठे होते ते पाहावे. सुरुवातीला क्षणभर थांबून पुढचा बदल सुरळीत होत असेल, तर पुढची स्लाइड जड आहे. ६००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र जेपेगमध्ये लहान दिसले तरी उलगडल्यावर मेमरीत सुमारे ९६ एमबी जागा घेते. नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असल्याने फोर-केला २८८ पीपीआय (एका इंचातील पिक्सेल) पुरतात, म्हणून पॉवरपॉइंटच्या चित्रे हलकी करणाऱ्या ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ पर्यायात ३३० निवडले तरी चित्र पुसट होत नाही. मऊ सावल्या आणि पारदर्शक थर शक्य तेथे चित्रातच विलीन करावेत.

संपूर्ण बदलच तुटक होत असेल, तर पॉवरपॉइंटच्या प्रगत पर्यायांत स्लाइड शोचे हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन (ग्राफिक्स चिपकडून चित्र रंगवून घेण्याची सोय) कोणी बंद केलेले नाही ना, हे पाहावे, चार्जर जोडलेला ठेवावा आणि ‘मॉर्फ’ या प्रकारच्या बदलाऐवजी साधा फेड वापरावा. मॉर्फमध्ये स्लाइडवरील प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे हलवावी लागते.