सुयांवर स्वेटर अर्धा आहे, टकळी शिकू का?

प्रश्न : ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. विणकाम लग्नाआधीपासून करते. सध्या सुयांवर भाच्याचा स्वेटर आहे, क्रोशाचा रुमाल अर्धा पडलाय आणि जावेच्या मुलीला ब्लाउजवर कशिदा करून द्यायचं कबूल केलंय. त्यात आता वाटतं, सूतही स्वतःच कातावं आणि त्याचंच विणावं. सासूबाई म्हणतात, आधी हातातलं संपव. चरखा घेऊ की टकळी? कापूस की लोकर?

उत्तर : स्वेटर आणि ब्लाउजच्या बाबतीत सासूबाईंचं ऐका, कारण त्या दोन्हींची कुणीतरी वाट बघतंय. रुमाल खुशाल पिशवीत राहू द्या. कातणं मात्र मी या रांगेत धरतच नाही. जाळीच्या विणीतून मध्येच उठलं की टाके हुकतात आणि कशिद्याला दिवसाचा उजेड लागतो. टकळीचं, म्हणजे हाताने गिरकी देऊन सूत कातायच्या चकतीच्या काडीचं, तसं नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थोडं सूत निघतं, दाराची बेल वाजली की ते टकळीला गुंडाळायचं, आकड्यात अडकवायचं आणि उठायचं. परत आल्यावर तिथूनच पुढे. तुमच्या दिवसात हे बसेल, अगदी नक्की. फक्त एवढं सांभाळा, की विणताना आणि कातताना ताण त्याच अंगठ्यावर आणि मनगटावर येतो. ज्या संध्याकाळी स्वेटर बराच पुढे गेला असेल त्या संध्याकाळी टकळी नको.

चरखा आत्ता घेऊ नका. पेटीचरखा फार देखणा असतो. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्याला आकार आला, पण तो आहे कापसासाठी. त्याची चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी टोकदार काडी, इतकी झरझर फिरते की नवख्या हाताला पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तंतू सोडायला सवडच मिळत नाही. टकळी तुमच्या वेगाने चालते.

आणि सुरुवात लोकरीने करा. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, म्हणून त्याला भरपूर पीळ लागतो आणि सूत कडक होतं. मेरिनोचा तंतू बोटाएवढा लांब, कमी पिळातही धरून राहतो आणि सुयांवर हवा तो ताण देतो. माझ्या पिढीने शाळेत मूलोद्योगाच्या तासाला पितळी टकळीवर कापूस कातला, ती टकळी लोकरीला हलकी पडते. लाकडी चकतीची, ३० ते ४० ग्रॅमची घ्या. चांगला सुतारही करून देईल, चकतीचं भोक बरोबर मध्यावर हवं, नाहीतर टकळी डुगडुगते.

लोकर विंचरलेली मागवा. रविवार कारंजाला किंवा मेन रोडला विणायची म्हणून जी लोकर मिळते त्यातली पुष्कळशी ॲक्रिलिक असते. शंका आली तर टोक पेटवून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. सिन्नरकडच्या धनगरांची दख्खनी मेंढीची लोकर मला मनापासून आवडते, पण ती भरड. तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ लावून. बाळाच्या गळ्याशी ती नको.

आता हात. डाव्या हातात लोकर सैल धरा, मूठ आवळू नका. उजव्या हाताने टकळीला गिरकी द्या आणि लगेच त्याच हाताच्या चिमटीने धागा धरा. चिमटीच्या वर तंतूंचा छोटा त्रिकोण दिसतो. तो आधी ओढून बारीक करायचा आणि मगच चिमूट वर सरकवून पीळ आत सोडायचा. एकदा पीळ त्रिकोणात शिरला की लोकर ओढली जात नाही, नवशिक्यांचे सगळे झगडे तिथेच होतात. टकळी उलटी फिरू लागली तर ती गुडघ्यांत धरून थांबवा, घाई कसली?

विणणारीसाठी यापुढचा भाग फार महत्त्वाचा. एकपदरी सुताचं विणलं की कापड एका बाजूला तिरकं जातं. म्हणून दोन पदर एकत्र करून उलट्या दिशेने पीळ द्या. हे दुपदरी सूत सैल लोंबकळत सोडून पाहा, स्वतःभोवती वळलं नाही तर पीळ बेताचा झाला. मग लडी कोमट पाण्यात बुडवा आणि न चोळता वाळत घाला. चोळलं किंवा एकदम गारगरम केलं की लोकर नमद्यासारखी घट्ट होते.

जाडी सारखी राहावी म्हणून पहिला मनासारखा धागा पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून जवळ ठेवा आणि अधूनमधून ताजा धागा त्याच्याशी ताडून बघा. नेहमीच्या लोकरीचे एका इंचात किती वेढे बसतात ते पट्टीवर मोजा, तुमच्या दुपदरी सुताचेही तेवढेच बसले तर त्याच नंबरच्या सुया चालतील. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते, तिकडे आत्ता बघू नका. टोपी विणा. तिला शंभर ग्रॅमही पुरतात आणि निफाडकडचा गारठा नाशकात उतरला की ती रोज वापरात येते.

प्रश्न : पेटीचरख्यावर कापूस कातते. पावसाळ्यात छान चाललं होतं, एप्रिलपासून सूत सारखं तुटतंय. चरखा बिघडला का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : चरख्याआधी हवा बघा. कापसाचा तंतू दमटपणात जास्त बळकट असतो, म्हणून तर सूतगिरण्यांत हवा मुद्दाम ओलसर ठेवतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सकाळी लवकर काता, पंखा बंद ठेवा आणि जवळ ओला पंचा टांगा. पेळू आदल्या रात्री माठाशेजारी ठेवले तरी फरक पडतो. एवढं करूनही एकाच जागी तुटत असेल तर चातीच्या टोकावरून बोट फिरवा. तिथे खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.