एकच आहे, पण दहाचं आहे

मुलांना घरीच शिकवणारे पालक माझ्याकडे अनेक कारणांनी येतात, परंतु त्यांचा एक प्रश्न गेल्या सोळा वर्षांत फारसा बदललेला नाही. गणिताचे हे साहित्य त्याला येऊ लागले आहे, तर आता पुढचे कधी द्यायचे? उशीर झाला तर मूल मागे पडेल आणि घाई झाली तर ते गणिताला घाबरेल, अशा दोन भीतींच्या मधोमध हे पालक उभे असतात. गेल्या वर्षी आलेल्या एका आईची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगत आहे, कारण तिच्या मुलाने मला या प्रश्नाचे फार नेमके उत्तर दिले.

मुलाला आपण ओम म्हणू. वय साडेसहा. घरात माँटेसरी शिक्षणपद्धतीतले, संख्या शिकवणारे सोनेरी मणी होते: एककाचा सुटा मणी, दहा मणी ओवलेली तार, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. त्यानंतरचे साहित्य म्हणजे स्टॅम्प गेम, ज्यात एकाच आकाराच्या छोट्या चौकोनी चकत्यांवर 1, 10, 100 आणि 1000 हे आकडे छापलेले असतात. ओळखीतल्या एका मुलीने ते सुरू केल्याचे कळताच आईने तेही मागवले होते. आठवडाभरात ओम ते डबे पाहिले की उठून जाऊ लागला. आजी रोज संध्याकाळी विचारत असे, “शाळेत नाही घातलं, मग पाढे तरी येतात का त्याला?” आईची घाई कुठून येत होती, हे समजायला मला पहिली भेट पुरली.

मी तिला पंधरा दिवस स्टॅम्प गेम बाजूला ठेवायला सांगितले आणि एक वही करायला सांगितली. ओमला काहीही विचारायचे नाही, फक्त तो काय करतो ते लिहायचे. दुसऱ्या भेटीला तिने वही आणली, तेव्हा पानापानावर “बरोबर”, “चुकला”, “पुन्हा चुकला” असे शेरे होते.

“हे शब्द वगळून मला वाचून दाखवाल का?” मी म्हटले.

तिने दोन पाने उलटली आणि ती थांबली. “मॅडम, मग काहीच उरत नाही.”

“त्याचे हात काय करत होते, ते लिहा.”

माझ्या कामातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आई परीक्षकाच्या खुर्चीतून उठते आणि मुलाशेजारी जमिनीवर बसते. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी निरीक्षणावर एवढा भर का दिला आणि 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी कशी उभी केली, हे अशा वेळी मला नव्याने समजते. साधन कोणतेही असो, मूल त्याचे काय करते हे पाहणारा डोळा आधी लागतो.

तिसऱ्या भेटीतली वही वेगळी होती. सोमवारी ओमने दहाची तार उचलून तिच्यावरचा प्रत्येक मणी बोट लावून मोजला होता. गुरुवारी मात्र तीन तारा न मोजता “दहा, वीस, तीस” म्हणत मांडल्या होत्या. दोन तारा आणि नऊ सुटे मणी अचूक मांडून तो त्यांना “एकोणचाळीस” म्हणाला होता. आईला हे अपयश वाटत होते. मी तिला समजावले की एकोणतीस म्हणताना तिसाचे नाव घ्यायचे आणि मांडायचे मात्र दोन दशक, हा आपल्या संख्यानामांचा पेच आहे. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात “वीस नऊ” अशी वाचनपद्धतही दिली, ती याच अडचणीमुळे. ओमच्या हातांना संख्या कळली होती. नावाला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा.

स्टॅम्प गेम बाजूला ठेवण्याआधीची एक आठवणही तिने वहीत लिहून लाल शाईने अधोरेखित केली होती. निळी चकती हातात धरून ओम म्हणाला होता, “आई, यावर दहा लिहिलंय, पण हे तर एकच आहे ना!” खाली आईचा शेरा होता: “दशक कळलेले नाही.”

मी ते वाक्य तिला तीनदा मोठ्याने वाचायला लावले. मुलगा अगदी खरे बोलत होता. तारेत दहा मणी डोळ्यांना दिसतात आणि बोटांना लागतात, तर चकतीत दहा कुठेच नसतात, तिथे फक्त मोठ्यांनी ठरवलेला संकेत असतो. ज्याला तारेतले दहा मणी अजून मोजून पाहावेसे वाटतात, त्याच्यापुढे चकती ठेवणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवण्यासारखे आहे. पुढच्या साहित्याची वेळ मुलाच्या वयावरून किंवा बरोबर उत्तरांच्या संख्येवरून ठरवू नये असे मी आग्रहाने सांगते, ते यासाठीच.

महिन्याभराने आई आली ती वही उघडूनच. आजी भाजीवाल्यासाठी सुट्या नाण्यांचा डबा ठेवत असे. ओमने त्यातली रुपयाची दहा नाणी एकावर एक रचली, शेजारी दहाचे नाणे ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “आजी, हे दहा तुला, हे मला. सारखंच झालं.”

आजी म्हणाली, “अरे, तुला तर एकच मिळालं की!”

“एकच आहे, पण दहाचं आहे.”

आईने शाब्बास म्हटले नाही, आजीलाही खुणेने थांबवले आणि आत जाऊन ते वाक्य लिहून ठेवले. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा माझ्या पद्धतीचाही.

त्या दिवसापासून मी पालकांना अशाच खुणा शोधायला सांगते. मूल दशक न मोजता उचलते का. दहा सुटे जमले की कुणी न सांगता त्यांचा एक दशक करून घेते का, म्हणजे पुढे ज्याला आपण हातचा म्हणतो तो त्याच्या हाताला आधीच ठाऊक आहे का. चूक झाली तर ती त्याची त्याला दिसते का. उत्तर देऊन ते तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असेल, तर अजून थांबा, कारण त्याचा भरवसा मण्यांवर नसून तुमच्यावर आहे. नवे साहित्य आणले तरी जुने कपाटात बंद करू नका. मूल काही दिवस दोन्हींकडे ये-जा करते, आणि जुन्याकडे परतणे म्हणजे मागे जाणे नव्हे.

ओमने स्टॅम्प गेम पुन्हा काढला तेव्हा चकत्यांशेजारी एक सोनेरी तार आणून ठेवली. अकरा दिवस ती तिथेच होती. बाराव्या दिवशी बेरीज मांडण्याआधी त्याने ती उचलून मण्यांच्या तबकात परत ठेवली, आणि आईने वहीत तेवढेच लिहिले.