हॅप्टिक, दिवा लावणे आणि वळण लावणे

प्रश्न असा आलाय की हातापायाला बांधून हालचाल शिकवणाऱ्या पट्ट्यांवर लेख लिहायचाय, तर 'हॅप्टिक'ला, म्हणजे यंत्राने स्पर्शातून आपल्याला काही सांगण्याला, 'कंपनशील' चालेल का? नाही चालणार. फोन थरथरला की हॅप्टिक, गेमचा कंट्रोलर थरथरला की हॅप्टिक, ऐकून ऐकून कान किटलेत. कंपन हा त्यातला एक प्रकार झाला, छोटी मोटर घ्या, तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजन बसवा, झालं, म्हणून तो सगळीकडे बोकाळलाय इतकंच. कातडी हलकेच ओढणं, मनगट आवळणं, बोटाला उलटा जोर देणं हे सगळं हॅप्टिकमध्येच येतं. आणि जे 'स्पर्शसंवेदी' सुचवतात त्यांनी तर गाडी उलटीच जुंपलीये, स्पर्शसंवेदी म्हणजे ज्याला आपला स्पर्श कळतो ते, म्हणजे टचस्क्रीन. इथे यंत्र आपल्याला स्पर्श करतंय राव.

शब्द आहे ग्रीक. 1892 मध्ये माक्स डेसोआर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्पर्शाच्या अभ्यासाला जर्मनमध्ये 'हाप्टिक' म्हटलं, ऑप्टिक्स-अकूस्टिक्सच्या, म्हणजे प्रकाश आणि ध्वनीच्या शास्त्रांच्या पंगतीला बसवायला. पण खरी गंमत मूळ क्रियापदात आहे. 'हाप्टेइन' म्हणजे जोडणे, अडकवणे, आणि दिवा पेटवणे सुद्धा, आणि त्याचंच दुसरं रूप 'हाप्टेस्थाय' म्हणजे स्पर्श करणे! आता मराठीत बघा, बटण लावतो, दिवा लावतो, हात लावतो. तिन्ही अर्थ एकट्या 'लावणे'त!! शब्दांचं नातं काही नाही हं, नाहीतर लगेच कोणीतरी ग्रीक मराठीतून निघाली म्हणून सांगायला येईल, पण दोन्ही भाषांना एकच सुचलं याचा मला भयंकर आनंद होतो. मेंदूतला 'सायनॅप्स', म्हणजे दोन पेशींमधला सांधा, पण याच घरातला, सिन म्हणजे एकत्र, म्हणजे एकमेकांना लावलेलं.

आणि 'लावणे' इथे थांबत नाही, आपण वळण लावतो. अक्षराला, मुलांना, हाताला. हे पट्टे दुसरं काय करतात? कोपर भलत्या कोनात गेलं की तिथे खूण करतात, हात परत वळतो. माझं तर ठाम मत आहे की 'वळणपट्टा' म्हणावं, परिभाषा घडवणाऱ्यांना ते घरगुती वाटेल, वाटू दे, त्यांना चार संस्कृत शब्द संधी करून जोडल्याशिवाय झोप येत नाही.

फक्त एक घोळ आहे, उजवीकडे थरथरलं म्हणजे उजवीकडे जायचं की तिथून लांब सरकायचं? दोन्ही पद्धती वापरतात. पहिलीला मी 'ओढ' म्हणेन, दुसरीला 'ढोसणी', मागून कोणी ढोसलं की आपण पुढेच जातो ना. जर्मनीत ओस्नाब्रुक विद्यापीठात कमरेचा एक पट्टा केला होता, त्यात उत्तरेच्या बाजूची मोटर सतत थरथरते, माणूस वळला की थरथर कमरेभोवती सरकते. ती ना ओढ ना ढोसणी, नुसतीच दिशा सांगणं, तिला शब्द सुचला तर कळवा.

हां, प्रश्न राहिलाच. लेखात 'हॅप्टिक' तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'स्पर्शातून खूण करणारं' असं लिहा आणि पुढे बिनधास्त वळणपट्टा. कंपनशील मात्र नको, थंडीत कुडकुडणारा माणूसही कंपनशीलच असतो.