छळ म्हणावं की त्रास?

एका वाचक ताईंचा प्रश्न : “मी कथा लिहितेय. त्यातला नवरा हात उगारत नाही. पण पैशापैशाचा हिशेब मागतो, फोन तपासतो, काल बोललेलं आज ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून उडवून लावतो. याला छळ म्हणता येईल, की त्रासच म्हणावं? आणि गाण्याचं नाव एकेरी अवतरणात लिहू की दुहेरी?” सोबत कथेतलं एक वाक्य (गाणं त्यांच्याच कल्पनेतलं) : कुलपात किल्ली फिरली तशी तिने “उन्हाचा झोका” घाईघाईने बंद केलं.

ताई, छळच म्हणा. स्वतःच्या घरात आवडतं गाणं चोरून ऐकावं लागतंय, एवढ्यावरूनच ते कळतं.

त्रास हा शब्द फार ऐसपैस आहे. दाताचा त्रास होतो, उन्हाचा होतो, गोंगाटाचा होतो. त्याला करणारा लागत नाही. दाताचा छळ कुणी म्हणत नाही, कारण छळ म्हटलं की तो करणारा कुणीतरी आलाच. (आठवणी छळतात म्हणताना आपण आठवणींनाही जिवंत करून टाकतो.) ‘तिला घरी त्रास आहे’ या वाक्यातून नवरा अलगद सुटतो.

रोजची पाळत आणि हिशेब यांसाठी जाच हा शब्दही चपखल बसेल. पण भांडण आणि तापट हे दोन शब्द जपून वापरा. भांडणात दोघंही तोंड उघडतात. तुमची नायिका तर बोलण्याआधी वाक्य मनात घोळवत असणार. आणि तापट माणूस कुणावरही तापतो. चारचौघांत मवाळ असणारा जर घरातल्या एकाच माणसावर तापत असेल, तर तो स्वभाव नव्हे. कुठे तापायचं हे त्याला नेमकं कळतं.

आता मुळाकडे. संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. हिंदीत तो अर्थ अजून आहे. मराठीत ल चा ळ झाला आणि अर्थ पीडेकडे सरकला. ‘म्हणालोच नव्हतो’ या उत्तरात मला हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. हल्ली यालाच गॅसलायटिंग म्हणतात. तो शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून आला. त्यात घरातले दिवे खरोखरच मंद होत असतात आणि नवरा बायकोला पटवत राहतो की हा तुझ्या डोक्यातला भ्रम आहे. परका शब्द नको असेल तर ‘तिचं खरं तिलाच खोटं वाटायला लावणं’ असं सरळ लिहा.

व्याकरणाचं एक : ‘तिला छळ करतो’ नको. ‘तिचा छळ करतो’ किंवा ‘तिला छळतो’.

गाण्याचं नाव एकेरी अवतरणात. दुहेरी चिन्हं पात्रांच्या बोलण्यासाठी राखून ठेवा, म्हणजे “‘उन्हाचा झोका’ लाव ना” असं वाक्य आलं तरी गोंधळ होत नाही. प्रत्यय चिन्हाला चिकटूनच लिहावा : ‘उन्हाचा झोका’मधली ओळ.

मात्र निवेदनात कुठे छळ या शब्दाला एकेरी चिन्हं घातली असतील तर ती काढा. इथे मी शब्दाविषयी बोलताना ती वापरतो, ते वेगळं. कथेत “तो तिचा ‘छळ’ करायचा” असं आलं, की ते तथाकथित छळ असं वाचलं जातं, आणि निवेदकालाही तिच्या सांगण्याची खात्री नाही असं वाचकाला वाटतं.