हायस्कूलच्या मुलांना उत्खननात खरं काम देता येतं का?

१४-१५ वर्षांच्या मुलांना उत्खननात प्रत्यक्ष काम द्यावं का, आणि लोकांना माहिती सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही जमतं, पण सुरुवात थापीने नव्हे, नोंदवहीने करा. खणलेला खड्डा पुन्हा बुजवता येतो, थर मात्र परत येत नाहीत.

शाळेने स्वतःहून खणू नये. परवानगी असलेल्या पुरातत्त्वज्ञाच्या कामात सामील व्हावं. आधी पृष्ठभागाची पाहणी करायला लावा: ५-५ मीटरवर रांगेत चालायचं आणि खापर दिसलं की शेजारी झेंडी रोवायची. उचलायचं काहीच नाही.

मग १ × १ मीटरचा चौकोन. खुंट्या मारून दोरी ताणली की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १.४१ मीटर भरले नाहीत तर चौकोन तिरका आहे. एका चौकोनाला तिघं पुरेत: एक थापीवर, एक चाळणीवर (जाळी ६ मिमी, मणी अपेक्षित असतील तर ३), एक नोंदीला. अर्ध्या तासाने कामं बदला. थापीच्या टोकाने टोचायचं नाही, धारेने आपल्याकडे खरवडायचं. मातीचा रंग, पोत किंवा ओलावा बदलला की थांबायचं, तिथे नवा थर सुरू होतो. बदल दिसतच नसेल तर दर ५ किंवा १० सेंटीमीटरला नवी पातळी धरायची. खोली मोजायची ती ठरलेल्या संदर्भबिंदूपासून (न हलणाऱ्या एका खुणेपासून), दोरी आणि पाणसळ लावून. शेजारच्या जमिनीपासून नाही, कारण जमीन सपाट नसते.

हमखास बिघडतं ते इथे: मुलं मधेच खणतात, कोपरे राहतात, चौकोनाची कढई होते आणि दोन थरांतली खापरं एकाच पिशवीत जातात. दुसरं, मणी चमकला की हात जातोच. तो जागेवर असतानाच मोजमाप आणि फोटो हवा. पिशवीवर स्थळ, चर (खणलेला खड्डा), थर, खोली, तारीख आणि नाव लिहा. तीच चिठ्ठी आतही टाका, कारण बाहेरची शाई पुसते. चांगली भाजलेली खापरं मऊ ब्रशने धुवायला हरकत नाही. धातू, कोळसा आणि रंगकाम असलेली खापरं मुलांच्या हाती धुवायला देऊ नका. चर मीटरभराहून खोल गेला की मुलांना आत उतरवू नका.

लोकांना सांगताना प्रत्येकाने आपल्याच चौकोनाबद्दल दोन मिनिटं बोलावं, नोंदवही हातात ठेवून. ‘हे सापडलं’ आणि ‘यावरून आम्हाला असं वाटतं’ ही वाक्यं वेगळी ठेवायला शिकवा; पाठ केलेल्या भाषणापेक्षा हे कितीतरी बरं. ‘सोनं सापडलं का?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. फोटो टाकताना ठिकाणाची माहिती बंद असू द्या, नाहीतर रात्री दुसरेच खणायला येतात. मानवी हाडं दिसली तर काम थांबवून तज्ज्ञाला बोलवा, फोटो नाही. प्रेक्षकांसाठी चराच्या काठापासून मीटरभर मागे दोरी बांधा, काठ ढासळतो.

चर बुजवायलाही मुलं हवीत: आधी तळावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) अंथरायचं, मग माती. पुढे कोणी पुन्हा खणलं तर आपलं काम कुठवर गेलं होतं ते त्याला त्या कापडावरून कळतं.