'सम्राज्ञी' म्हणजे सम्राटाची पत्नी की स्त्री-सम्राट?

प्रश्न असा आला आहे: जपानच्या सम्राटांच्या पत्नी मासाको यांचा उल्लेख मराठीत कधी 'सम्राज्ञी', कधी 'महाराणी', कधी नुसता 'राणी' असा होतो आणि क्वचित 'साम्राज्ञी' असेही छापलेले दिसते, यांतला नेमका शब्द कोणता, आणि 'सम्राज्ञी' म्हटल्यावर त्या स्वतःच राज्य करतात असा वाचकाचा समज होणार नाही का?

लेखनाचा भाग चटकन संपवतो. शुद्ध रूप 'सम्राज्ञी' हेच आहे. 'साम्राज्य' हे भाववाचक नाम असून त्यात 'य' प्रत्ययामुळे पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून तिथे 'सा' येतो. 'सम्राज्ञी'त असा कोणताही प्रत्यय नसल्यामुळे 'सा' येण्याचे कारण नाही. 'साम्राज्य' हा शब्द डोळ्यांना जास्त सवयीचा असल्यामुळे हात तिकडे वळतो, एवढेच. 'सम्' मधल्या म् चा अनुस्वार होऊन 'संराट्' असे रूप का होत नाही, हे सांगण्यासाठी पाणिनीला 'मो राजि समः क्वौ' असे स्वतंत्र सूत्र करावे लागले होते. तेव्हा या शब्दाने वैयाकरणांनाही पूर्वीपासून थोडा त्रास दिलेला आहे.

अर्थाचा प्रश्न मात्र रेंगाळण्यासारखा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात (10.85.46) नववधूला आशीर्वाद दिला आहे: 'सम्राज्ञी श्वशुरे भव सम्राज्ञी श्वश्र्वां भव।' पुढे नणंद आणि दीर यांचाही उल्लेख येतो. म्हणजे इथे 'सम्राज्ञी' ही कोणा सम्राटाची पत्नीही नाही आणि सिंहासनावर बसलेली स्त्रीही नाही. लग्न होऊन घरात आलेली आणि त्या घरावर जिची सत्ता चालावी अशी इच्छा व्यक्त केली आहे, ती सून आहे. मराठीत हा शब्द आला तो मात्र सम्राट या शब्दाचा जोडीदार म्हणून, आणि मग त्याला पुल्लिंगी पदनामांच्या सगळ्याच स्त्रीलिंगी रूपांना असणारी अडचण चिकटली.

ती अडचण आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. 'पाटलीणबाई' म्हटले की पाटलाची पत्नी समजायची, 'मास्तरीणबाई' म्हटले की बहुतेक वेळा स्वतः शिकवणारी बाई समजायची, आणि 'डॉक्टरीणबाई' म्हटले की आधी गाव कोणते ते विचारायचे. याउलट 'सरपंच' आणि 'राष्ट्रपती' ही पदनामे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'चे स्त्रीलिंग काय यावर चर्चा झाली आणि शेवटी 'राष्ट्रपती' हाच शब्द कायम राहिला, कारण ते पदाचे नाव आहे, नात्याचे नाही. 'सम्राज्ञी' हा शब्द या दोन गटांच्या मधोमध उभा आहे आणि प्रश्नकर्त्यांना जो गोंधळ जाणवला तो तिथूनच आला आहे.

जपानी भाषेत हा गोंधळ नाही. सम्राटाला 'तेन्नो' म्हणतात आणि हा शब्द आपल्या 'राष्ट्रपती'सारखा, म्हणजे लिंगनिरपेक्ष आहे. गादीवर स्त्री बसली तर तीही तेन्नोच. सम्राटाच्या पत्नीला 'कोगो' म्हणतात, आणि हा शब्द पाटलीणबाईंच्या जातीचा आहे: पतीमुळे मिळणारा, तरीही एक निश्चित पद दाखवणारा. मासाको या 1 मे 2019 पासून कोगो आहेत. स्त्री-सम्राट वेगळी दाखवायचीच असेल, तर जपानी माणूस 'जोसेई तेन्नो', म्हणजे 'स्त्री तेन्नो', असे म्हणतो. इंग्रजीने दोन्हींसाठी 'एम्प्रेस' हा एकच शब्द वापरला आणि इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्या आपण दोन्हींना 'सम्राज्ञी' केले.

यात काय हरवते ते एका प्रसंगावरून पाहावे. 752 साली नारा येथील तोदाइजी या मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूला मिळाला होता, आणि त्याच्या हातातल्या कुंचल्याला बांधलेली लांब निळी दोरी उपस्थितांनी धरली होती, म्हणजे पुण्यात सगळ्यांचा वाटा. ही दोरी आजही नाराच्या शोसोइन या भांडारात जपून ठेवलेली आहे. या सोहळ्याला निवृत्त सम्राट शोमु होते, त्यांच्या पत्नी कोम्यो होत्या आणि त्यांची कन्या कोकेन होती. कोम्यो या शोमुंच्या कोगो होत्या आणि पती निवृत्त झाल्यावर 'कोताइगो', म्हणजे आधीच्या सम्राटाच्या सम्राज्ञी, झाल्या होत्या. कोकेन मात्र त्या वेळी स्वतः तेन्नो होती. मराठीत 'सम्राज्ञी कोम्यो आणि सम्राज्ञी कोकेन उपस्थित होत्या' असे लिहिले, तर वाचकाला त्या दोघी सवती वाटतील किंवा जावा वाटतील. आई आणि राज्यकर्ती मुलगी असे काही केल्या वाटणार नाही.

अशा स्त्री-सम्राट जपानच्या परंपरेने आठ मोजल्या आहेत आणि त्यांपैकी दोघी दोनदा गादीवर आल्यामुळे कारकिर्दी दहा होतात. पहिली सुइको 592 साली गादीवर आली आणि शेवटची गो-साकुरामाची हिने 1771 साली गादी सोडली. शब्दाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की यांतल्या तिघी आधी कोगो होत्या आणि नंतर तेन्नो झाल्या: सुइको ही बिदात्सुची, कोग्योकु ही जोमेईची आणि जितो ही तेन्मुची कोगो होती. म्हणजे एकाच स्त्रीच्या आयुष्यात ही दोन्ही पदे एकामागून एक येऊ शकत होती आणि भाषेला ती वेगळी ओळखावी लागत होती. 1889 च्या राजकुल कायद्याने गादी केवळ पुरुष वारसांसाठी राखली आणि 1947 च्या कायद्यानेही तेच ठेवले, म्हणून आजची कोगो तेन्नो होऊ शकत नाही. गंमत अशी की त्याच 1947 च्या कायद्याप्रमाणे सम्राट असमर्थ असल्यास ज्यांना क्रमाने राजप्रतिनिधी नेमता येते त्या यादीत युवराज आणि इतर राजपुत्र यांच्यानंतर कोगोचे नाव आहे. गादीवर बसता येत नाही, पण गादी सांभाळता येते. मुलाच्या नावाने कारभार करणाऱ्या महाराणी ताराबाई ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी.

वारसाहक्काची चर्चा जपानमध्ये सध्या चालू असते, तिच्या बातम्या देताना आणखी एक जोडी सांभाळावी लागते. 'जोसेई तेन्नो' म्हणजे स्त्री असलेली सम्राट, तर 'जोकेई तेन्नो' म्हणजे जिचा किंवा ज्याचा राजवंशाशी संबंध आईकडून येतो असा सम्राट; असा सम्राट पुरुषही असू शकतो. आठही स्त्री-सम्राट पहिल्या प्रकारच्या होत्या, दुसऱ्या प्रकारची एकही नव्हती. गेन्मेईनंतर तिची मुलगी गेन्शो गादीवर आली, हे आईकडून मुलीकडे गेलेले राज्य वाटते खरे. पण गेन्शोचे वडील कुसाकाबे हे स्वतः तेन्मु सम्राटांचे पुत्र होते, त्यामुळे वंशाचा धागा वडिलांकडूनच मोजला गेला. मराठीत पहिलीला 'स्त्री-सम्राट' आणि दुसऱ्याला 'मातृवंशीय सम्राट' म्हणावे. दोन्हींना 'महिला सम्राट' म्हटले, तर ज्या मुद्द्यावरून वाद आहे तोच बातमीतून गळून पडतो.

आता 'महाराणी' आणि 'राणी' यांच्याविषयी. 1877 मध्ये व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब अधिकृतपणे धारण केला आणि त्या वर्षापासून रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' ही अक्षरे आली. पण आपल्या आज्या-पणज्यांनी गाठीला बांधलेला रुपया 'राणीछाप'च राहिला आणि भायखळ्याची बाग 'राणीचा बाग'च राहिली. 'एम्प्रेस' हा शब्द मराठीत उतरला तो अर्थाने नव्हे, तर नावाने: नागपूरची एम्प्रेस मिल, पुण्याचे एम्प्रेस गार्डन. त्यामुळे जपानच्या बातमीत कोणी 'महाराणी मासाको' लिहिले, तर ते मराठीच्या वळणाविरुद्ध आहे असे मला म्हणता येणार नाही. तरीही पतीला 'सम्राट' आणि पत्नीला 'महाराणी' म्हणणे ही विजोड जोडी होते. जपानी कायद्यात सम्राट, कोगो आणि राजघराण्यातल्या विधवा सम्राज्ञी या सर्वांना 'हेइका' हीच उपाधी आहे आणि युवराजांसकट बाकीच्यांना 'देन्का' ही खालची. 'हेइका' या शब्दाचा मूळ अर्थ 'सिंहासनाच्या पायऱ्यांखाली'. बोलणारा थेट राजाला संबोधत नाही, पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या सेवकाकडे पाहून बोलतो. आपल्या 'श्रीचरणी'तला विनय याच जातीचा आहे. पती-पत्नींना उपाधी एकच असेल, तर आपणही 'सम्राट आणि सम्राज्ञी' हीच जोडी ठेवावी.

'पट्टराणी' हा शब्द सुचवण्याचा मोह होतो, आणि जुन्या काळासाठी तो खरोखर नेमका आहे. सम्राटाच्या अनेक स्त्रियांपैकी एकीला विधिपूर्वक कोगो केले जाई. इसवी सन 1000 मध्ये इचिजो सम्राटाच्या दरबारात फुजिवारा घराण्याच्या दबावामुळे तेइशी ही 'कोगो' आणि शोशी ही 'चूगू' अशा दोन पट्टराण्या एकाच वेळी झाल्या होत्या, आणि पूर्वी एकाच पदाचे असलेले दोन शब्द त्यासाठी वाटून द्यावे लागले होते. आज मात्र 'पट्टराणी' म्हटले की आणखी राण्या असाव्यात असे ध्वनित होते, म्हणून तो वापरू नये.

तसाच मोह 'कोताइगो'साठी 'राजमाता' वापरण्याचा. जिजाबाईंमुळे हा शब्द आपल्याला जवळचा आहे, पण तो मुलाकडे पाहून दिलेला आहे. 'कोताइगो' हे पद पतीकडे पाहून दिलेले आहे. मेइजी सम्राटांच्या कोगो हारुको यांना मूल नव्हते. पुढचे सम्राट तैशो हे यानागिवारा नारुको या दरबारातील स्त्रीचे पुत्र होते आणि ते हारुकोंचे दत्तकपुत्र म्हणून गणले गेले. 1912 मध्ये कोताइगो झाल्या त्या हारुको, जन्मदात्री नव्हे. 'राजमाता' हा शब्द इथे वापरला की वाचक चुकीच्या बाईकडे पाहू लागतो. 'राजविधवा' फार कोरडा आहे. 'दिवंगत सम्राटांच्या सम्राज्ञी' असे सरळ लिहिलेले बरे.

याच हारुकोंनी 1871 मध्ये राजवाड्यात रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते काम कोगोच्या पदाला जोडले गेले. सम्राट वाड्यातल्या शेतात भात लावतात, सम्राज्ञी किड्यांना तुतीचा पाला घालतात आणि कोश विणण्यासाठी त्यांना भाताच्या पेंढ्याच्या जाळीवर चढवतात. आपल्याकडे हे काम बांबूच्या चंद्रिकेवर होते. 'कोइशिमारु' नावाची जुनी जात उत्पन्न कमी म्हणून बंद करण्याचा विचार चालू असताना मासाको यांच्या सासूबाई आणि आधीच्या कोगो मिचिको यांनी ती राखली. तिचा कोश लहान, भुईमुगाच्या शेंगेसारखा मध्ये आवळलेला असतो आणि धागा अतिशय बारीक निघतो. शोसोइनमधल्या आठव्या शतकातल्या वस्त्रांच्या प्रतिकृती विणायला पुढे हाच धागा उपयोगी पडला. त्या भांडारातील मुख्य ठेवा म्हणजे कोम्यो यांनी पतीच्या मृत्यूनंतर 756 मध्ये तोदाइजीला अर्पण केलेल्या वस्तू. एका कोगोने दिलेला ठेवा जिथे आहे त्या भांडारातल्या वस्त्रांच्या प्रतिकृती हजार-बाराशे वर्षांनी दुसऱ्या कोगोने पाळलेल्या किड्यांच्या रेशमाने विणल्या जाव्यात, यात 'पत्नी' या नात्यापलीकडचे 'पद' म्हणजे काय ते दिसते.

मिचिको यांच्यामुळेच जपानी भाषेला अलीकडे एक नवा शब्द घडवावा लागला. 1959 मध्ये युवराजाशी विवाह करून राजघराण्यात आलेल्या त्या पहिल्या सामान्य घरातल्या स्त्री. पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी. 1960 मध्ये परदेश दौऱ्यावर जाताना तान्ह्या नारुहितोला (म्हणजे आजच्या सम्राटांना) सांभाळणाऱ्यांसाठी त्यांनी सूचना लिहून ठेवल्या, त्यांना लोकांनी 'नारु-चान केम्पो', म्हणजे 'नारूबाळाचे संविधान', असे नाव दिले. सासरच्या घरावर सत्ता चालवण्याचा वेदातला आशीर्वाद त्यांना सहज लाभला असे मात्र नाही. 1993 मध्ये नियतकालिकांतून टीका होत असताना त्या कोसळल्या आणि काही महिने त्यांची वाचा गेली होती. 2019 मध्ये त्यांचे पती हयातीतच निवृत्त झाले, तेव्हा मिचिको यांना 'कोताइगो' म्हणणे प्रशस्त नव्हते, कारण त्या शब्दाला आता वैधव्याची छाया आहे. म्हणून 2017 च्या विशेष कायद्याने 'जोकोगो' असा शब्द केला. त्यातला 'जो' म्हणजे 'वरचा'.

याला मराठीत 'माजी सम्राज्ञी' म्हणतात ते मला खटकते. 'माजी' म्हटले की निवडणूक हरलेला आमदार डोळ्यांपुढे येतो, आणि पत्नीच्या बाबतीत तर घटस्फोटाचीच शंका येते. आपल्या वाड्यांतून सासूला 'थोरल्या बाईसाहेब' आणि सुनेला 'धाकट्या बाईसाहेब' म्हणत, त्या वळणाने औपचारिक लेखनात मिचिको यांना 'ज्येष्ठ सम्राज्ञी', मासाको यांना नुसते 'सम्राज्ञी', आणि सुइको-जितो यांना 'स्त्री-सम्राट' म्हणावे. क्रियापद तिन्हींपुढे आदरार्थी अनेकवचनीच येईल: 'सम्राज्ञी आल्या', आणि 'स्त्री-सम्राट आल्या' हेही, कानाला सुरुवातीला कितीही अडखळले तरी.